लक्ष्मण देशपांडे यांचा बहुपात्री अभिनय : स्वागत आणि समीक्षा

प्रा. डॉ. लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) हे मराठी नट, नाट्यलेखक आणि नाट्यशास्त्राचे अध्यापक होते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या स्वतः लिहिलेल्या नाट्यप्रयोगात ते सुमारे तीन तासांत ५२ व्यक्तिरेखा एकटे उभ्या करीत. या प्रयोगामुळे ‘वऱ्हाडकार’ हे विशेषण त्यांच्या नावाला कायमचे जोडले गेले. मराठवाड्याच्या बोलीला तिने स्वतःवरच हसावे आणि तरीही तिचा मान जाऊ नये, असे स्थान रंगमंचावर मिळवून देणारा नट म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते. त्यांच्या अभिनयाचे स्वागत मात्र सर्वत्र सारखे झाले नाही. प्रेक्षकांची पसंती निर्विवाद होती. समीक्षेपुढे हा प्रयोग नाटक मानावा की कथाकथन, हा प्रश्न होता. त्याच्या उत्तरावर देशपांडे यांना नट म्हणून कोणत्या मापाने मोजायचे, हे ठरणार होते.

पार्श्वभूमी

देशपांडे यांची कर्मभूमी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर). तेथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात ते अध्यापक आणि पुढे विभागप्रमुख होते. १९५८मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र प्रारंभी संपूर्ण मराठवाडा होते. १९९४मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) हे चार जिल्हे त्याच्याकडे राहिले. या भागातील तालुक्यांतून आलेले विद्यार्थी घरची बोली घेऊनच विभागात येत. शास्त्रशुद्ध वाचिक अभिनय शिकवणाऱ्या अध्यापकाने याच बोलीला आपल्या मुख्य प्रयोगाचे माध्यम करावे, हा योगायोग मानता येणार नाही.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटक मंडळ्यांचे नित्याचे दौरे पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि विदर्भात जितके होत, तितके ‘मोगलाई’त होत नसत. स्वातंत्र्यानंतरही सुसज्ज नाट्यगृहे थोडी होती. नेपथ्य, प्रकाशयोजना आणि दहा-पंधरा नट घेऊन फिरणाऱ्या संस्थेला तालुक्याच्या गावी प्रयोग परवडत नसे. एकट्या नटाचा, नेपथ्याविना होणारा प्रयोग मात्र शाळेच्या मैदानावर, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवाच्या मंडपातही उभा राहू शकतो. देशपांडे यांच्या लोकप्रियतेचा विचार करताना ही व्यावहारिक बाजू बऱ्याचदा सुटते. त्यांनी निवडलेला आकृतिबंध कलेच्या दृष्टीने जसा धाडसी होता, तसाच तो प्रदेशाच्या परिस्थितीला साजेसाही होता.

प्रयोगाचे स्वरूप

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ १९७०च्या दशकाच्या अखेरीस रंगमंचावर आले. शीर्षकातील ‘वऱ्हाड’ म्हणजे लग्नाला निघालेली मंडळी. विदर्भातील वऱ्हाड प्रांताशी त्याचा संबंध नाही, तरी नवख्या वाचकाचा येथे हमखास गोंधळ होतो. मराठवाड्यातील एका खेड्यातला मुलगा इंग्लंडमधील गोऱ्या मुलीशी लग्न ठरवतो आणि सगळे गाव विमानाने लग्नाला निघते, असे कथासूत्र आहे. घरातली माणसे, भावकी, गावातले प्रतिष्ठित, म्हाताऱ्या बायका, पोरेसोरे, प्रवासात भेटणारी परकी माणसे आणि शेवटी इंग्लंडमधील सासरची मंडळी, अशी पात्रांची रांग वाढत जाते.

कथानक सरळ आहे. त्यात रहस्य नाही, कलाटणी नाही, खलनायकही नाही. लग्न, मानपान, रुसवेफुगवे आणि प्रवास एवढ्याच सामग्रीवर तीन तास पेलायचे असल्याने सारा भार नटावर येतो. संहितेतील हा साधेपणा काहींना उणीव वाटू शकतो. परंतु नवे पात्र आले की ते कोणाचे कोण, हे प्रेक्षकाला क्षणात कळावे लागते आणि लग्नघर हे त्यासाठी सर्वांत सोयीचे ठिकाण आहे. मामा, आत्या, व्याही, विहीण यांची नाती आणि त्यांचे स्वभाव प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतात. त्यामुळे पात्राचा परिचय करून देण्यात वेळ जात नाही.

अभिनयपद्धती

भारतीय नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य असे चार प्रकार सांगितले आहेत. यांपैकी आहार्य, म्हणजे वेशभूषा, रंगभूषा आणि नेपथ्य यांनी साधला जाणारा अभिनय, देशपांडे यांनी जवळजवळ सोडून दिला. पात्र बदलले तरी वेश बदलत नाही. मग बदल कशाने दाखवायचा? मान, पाठीचा कणा, हातांची ठेवण, नजरेची उंची, आणि सर्वांत अधिक आवाज. पाठ किंचित वाकली की म्हातारी, नजर वर गेली की मोठ्या माणसाशी बोलणारे पोर, अशी ही खूणभाषा असते. एकदा नेमून दिलेली खूण पुढे तीन तास पाळावी लागते. चाळिसाव्या पात्रानंतर तिसरे पात्र परत आले तर ते पूर्वीच्याच कण्याने आणि त्याच सुरात यावे लागते. या स्मरणशक्तीला अभिनयाच्या चर्चेत फारसे स्थान मिळत नाही. बहुपात्री नटाची खरी कसोटी मात्र तेथेच लागते.

दुसरी कसोटी संवादांची आहे. दोन पात्रांचे बोलणे एकाच नटाने करायचे, तर तो डावीकडे वळून एकाचे आणि उजवीकडे वळून दुसऱ्याचे वाक्य म्हणतो, हा सर्वांत सोपा मार्ग. पात्रे पाच-सहा झाली आणि ती एकमेकांचे वाक्य तोडू लागली की तो अपुरा पडतो. लग्नघरात कोणी कोणाचे पूर्ण ऐकून घेत नाही. देशपांडे यांच्या प्रयोगात हा गलबला दाखवण्याची जबाबदारी एकाच कंठावर होती. अशा वेळी बोलणाऱ्या पात्राइतकेच ऐकणारे पात्र महत्त्वाचे होते. नट एका पात्राचे बोलत असताना समोरचे रिकामे ठिकाण प्रेक्षकाने भरलेले पाहिले पाहिजे. ते भरले जाते नटाच्या नजरेमुळे, कारण तो जिथे पाहतो तिथे प्रेक्षक माणूस कल्पितो.

मराठी रंगभूमीवर बहुरूपी अभिनयाची याआधीची दोन ठळक उदाहरणे तुलनेसाठी उपयोगी आहेत. पु. ल. देशपांडे यांनी १९६१मध्ये ‘बटाट्याची चाळ’ सादर केली. तिच्यात पात्रे अनेक असली, तरी त्यांना बांधून ठेवणारा मिस्कील निवेदक सतत जाणवतो. प्रेक्षक चाळकऱ्यांना पुलंच्या डोळ्यांनी पाहतो. दुसरे उदाहरण आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकाचे. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत पहिला प्रयोग झालेल्या या नाटकात प्रभाकर पणशीकर यांनी लखोबा लोखंडेसह पाच रूपे रंगवली. तेथे रूपांतराचे आश्चर्य वेशभूषेवर आणि मो. ग. रांगणेकर यांनी योजलेल्या फिरत्या रंगमंचावरही अवलंबून होते. शिवाय ही रूपे एकाच भामट्याची होती, त्यामुळे पाचही चेहऱ्यांमागे एकच मन ओळखू येणे हा नाटकाचाच भाग होता. लक्ष्मण देशपांडे यांच्याकडे निवेदक मागे सरतो आणि वेशही हाताशी नसतो. शिवाय ५२ माणसे एकमेकांहून वेगळ्या मनाची असावी लागतात. तुलना थोरवी ठरवण्यासाठी नसून मागणी किती वेगळी होती, हे दाखवण्यासाठी आहे.

नाटक की कथाकथन

मराठी नाट्यसमीक्षा प्रामुख्याने मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांतून वाढली. माधव मनोहर, ज्ञानेश्वर नाडकर्णी, कमलाकर नाडकर्णी, वि. भा. देशपांडे यांच्यासारख्या समीक्षकांनी तिला शिस्त दिली. या समीक्षेची मापे चौकटीच्या रंगमंचावरील, अनेक नटांच्या, दिग्दर्शकाने बसवलेल्या नाटकातून घडली होती. कथानकाची बांधणी, संघर्ष, पात्रांचा विकास, नेपथ्य, नटसंचाचा एकमेळ, असे तिचे रकाने ठरलेले होते. एकट्या माणसाचा प्रयोग या रकान्यांत बसवला की त्यातले निम्मे रकाने रिकामे राहतात. मग अशा प्रयोगाची गणना करमणुकीच्या कार्यक्रमांत होते आणि त्यातील अभिनयाला ‘नकला’ म्हणून बाजूला ठेवले जाते.

कथाकथनाशी होणारी तुलनाही याच काळातली. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी ग्रामीण कथेचे जाहीर कथन महाराष्ट्रभर लोकप्रिय केले होते. बोलीतील संवाद, खेड्यातील इरसाल माणसे आणि हशा हे साम्य पाहून देशपांडे यांचा प्रयोग त्याच मालिकेतला ठरवणे सोपे होते. फरक मात्र मूलभूत आहे. कथाकथनकार पात्राचे बोलणे ऐकवतो आणि लगेच ‘तो म्हणाला’च्या सुरक्षित जागी परततो. नट तसा परतत नाही. तो एका पात्रातून थेट दुसऱ्या पात्रात जातो आणि मधल्या क्षणी स्वतः कोणीच नसतो.

संस्कृत परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. नाट्यशास्त्रातील दहा रूपकांत ‘भाण’ हा एकाच नटाने करावयाचा प्रकार आहे. त्यातील विट रंगमंचावर नसलेल्या माणसांशी बोलतो आणि त्यांची उत्तरे आपणच उच्चारून दाखवतो. या योजनेला आकाशभाषित म्हणतात. म्हणजे एक नट असूनही ते रूपकच, याबद्दल शास्त्रकारांना शंका नव्हती. भाणातील नट मात्र अखेरपर्यंत विटच राहतो. त्या दृष्टीने देशपांडे यांचा प्रयोग भाणाच्या पुढचा टप्पा ठरतो. ‘एकपात्री’ हा रूढ शब्दही येथे फसवा आहे. पात्र एक नसते, नट एक असतो.

भारताबाहेर अशा अभिनयाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळालेली दिसते. अमेरिकी अभिनेत्री रूथ ड्रेपर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोजक्या साधनांनी अदृश्य माणसांनी भरलेले रंगमंच उभे केले. इटलीतील दारिओ फो यांनी ‘मिस्तेरो बुफ्फो’ या १९६९च्या एकट्याच्या प्रयोगात लोककथाकारांची परंपरा आणि बोलींची मिसळ वापरली. फो यांना १९९७मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. छत्तीसगडच्या तीजनबाई पंडवानी गाताना हातातील तंबुऱ्याची गदा करतात, तेव्हा त्यांना कोणी नकलाकार म्हणत नाही. मराठीत ही प्रतिष्ठा येण्यास उशीर झाला, कारण येथील समीक्षेने नागर नाटक आणि लोकप्रयोग यांची दालने वेगळी ठेवली होती आणि देशपांडे नेमके त्यांच्या उंबरठ्यावर उभे होते.

बोली आणि हशा

या प्रयोगाविषयीचा सर्वांत गंभीर प्रश्न बोलीचा आहे. मराठी नाटक-चित्रपटांत प्रमाणभाषेबाहेर बोलणारा माणूस दीर्घकाळ गडी, पाटील किंवा विनोदासाठी आणलेला पाहुणा म्हणून येत असे. मराठवाड्याच्या वाट्याला तेही कमीच आले. रंगमंचावरील ‘ग्रामीण’ भाषा बहुधा सातारा-कोल्हापूरकडची, नाहीतर कोणत्याच गावची नसलेली असे. ‘करायलाय’, ‘जायलाय’ अशी क्रियापदे, दख्खनी उर्दूतून आलेले ‘दस्ती’सारखे शब्द आणि वाक्य ओढत नेण्याची लकब ही मराठवाड्याची वळणे मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला अपरिचित होती.

अशी बोली तीन तास विनोदी प्रयोगात ऐकवली तर प्रेक्षक कशाला हसतो, प्रसंगाला की उच्चाराला? हा आक्षेप निराधार नाही. विमानात भांबावलेला खेडूत हे चित्र शहरी प्रेक्षकाच्या अहंकाराला सुखावणारे ठरू शकते. प्रयोगाच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. एक, येथे प्रमाणभाषा बोलणारा कोणी शहाणा निवेदक गावकऱ्यांच्या डोक्यावर बसवलेला नाही. बोली हाच प्रयोगाचा पाया असल्याने हसणारा आणि ज्याला हसले जाते तो, दोघेही तिच्या आतच आहेत. दुसरी, लंडनमध्ये पोहोचलेले वऱ्हाड स्वतःच्या रीतिभाती टाकून देत नाही. परक्या देशात गांगरते ते गाव, पण मापले जातात तेथील लोकही, तेही गावच्या मापाने. त्यामुळे हशाची दिशा सतत बदलते. तरीही काही पात्रे ठोकळेबाज वाटतात, हे मान्य करावे लागते. ५२ माणसांना तीन तासांत बसवायचे तर अनेकांच्या वाट्याला एक लकब आणि एक वाक्य एवढेच येणार. मुख्य आठ-दहा पात्रे भरीव, बाकीची रेखाचित्रे, अशी ही विभागणी आहे आणि समीक्षेने दोहोंना एकाच तराजूत घालू नये.

धाराशिव आणि दक्षिण मराठवाड्याची दृष्टी

हा अभिनय पाहण्याची सवय मराठवाड्याच्या प्रेक्षकाला कोठून मिळाली, याचे उत्तर धाराशिव जिल्ह्यात चांगले सापडते. तुळजापूरची भवानी हे गोंधळाच्या परंपरेचे एक केंद्र आहे. गोंधळ्यांतील कदमराई हे तुळजाभवानीचे आणि रेणुराई हे माहूरच्या रेणुकेचे उपासक मानले जातात. संबळ, तुणतुणे आणि दिवटी यांच्या साथीने रात्रभर चालणाऱ्या गोंधळात देवतांच्या आवाहनानंतर आख्यान लागते. नायक आख्यान सांगता सांगता राजा होतो, राणी होते, दूत होतो आणि पुन्हा नायक होतो. साथीदार मध्येच प्रश्न विचारून त्याला अडवतो. या वठवण्याला ‘संपादणी’ असा नेमका शब्द आहे. अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाच्या जागरणात, वासुदेव-बहुरूप्यांच्या सोंगांत आणि कीर्तनाच्या उत्तररंगातही कमी-अधिक फरकाने हेच घडते. पैठणच्या एकनाथांची भारुडे तर एका गायकाने वेगवेगळ्या सोंगांतून बोलण्यावरच उभी आहेत.

ही परंपरा अंगवळणी असलेल्या प्रेक्षकाला एकाच माणसाने विहीण आणि व्याही दोन्ही व्हावे, यात चमत्कार वाटत नाही. तो लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळतो : विहीण खरी वाटते का? म्हणूनच दक्षिण मराठवाड्यातील दाद पात्र ओळखल्याची असते, तर मुंबई-पुण्यातील दाद बरेचदा पात्र बदलल्याच्या कौशल्याला मिळते. एकाच प्रयोगाची ही दोन वाचने आहेत. पहिले वाचन अभिनयाच्या गाभ्याशी अधिक जवळ आहे. मात्र ते छापील समीक्षेत क्वचित उतरले. ते प्रेक्षागृहातच, बोलण्यात राहिले.

धाराशिवची भाषाही यासंदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात परंडा-भूमकडची बोली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि सोलापूरच्या सीमेवर पोसलेली, तर उमरगा तालुका कर्नाटकाला लागून असल्याने तेथे कन्नडची छटा उतरते. ‘मराठवाडी’ म्हणून एकच बोली दाखवणारा कोणताही प्रयोग या सगळ्यांना थोडा परका आणि थोडा आपला वाटणारच. देशपांडे यांची रंगभाषा ही अशी सर्वांना समजेल इतपत सपाट केलेली बोली होती. भाषाअभ्यासकाला ती नमुना म्हणून पुरणार नाही. नाटकाला मात्र तेवढी पुरते.

याच शहरात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, एप्रिल २०१७मध्ये ९७वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन भरले. अध्यक्ष होते जयंत सावरकर. सहायक भूमिकांचा बहुरंगी नट म्हणून त्यांची ख्याती होती. नाट्यव्यवहाराच्या नकाशावर दीर्घकाळ काठावर राहिलेल्या जिल्ह्यात संमेलन येणे ही नोंद घेण्यासारखी घटना होती.

विक्रमांची सावली

५२ पात्रे, तीन तास, हजारोंच्या घरातले प्रयोग आणि गिनेस बुकातील नोंद, हे देशपांडे यांच्या परिचयात नेहमी येणारे तपशील आहेत. त्यांनी प्रसिद्धी दिली आणि समीक्षेचे काम थोडे अवघडही केले. विक्रम मोजता येतो, म्हणून तो बातमीत सहज बसतो. पात्राच्या आवाजातली कंप पावणारी माया मोजता येत नाही. परिणामी त्यांच्याविषयी लिहिलेल्या बऱ्याच मजकुरात आकडे पुढे आणि अभिनयाचे विश्लेषण मागे पडलेले दिसते.

ध्वनिफितींमुळे हा प्रयोग नाट्यगृहाबाहेरही पोहोचला. केवळ ऐकूनही पात्रे वेगवेगळी ओळखू येतात, हा त्यांच्या वाचिक अभिनयाचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. ऐकताना हरवतात ते विराम. पात्र बदलण्यापूर्वीचा निमिषभर, ज्यात देह आधी बदलतो आणि आवाज नंतर, तो ध्वनिफितीत केवळ शांतता म्हणून उरतो.

दुसऱ्या नटाच्या हाती

२००९मध्ये देशपांडे यांच्या निधनानंतर हा प्रयोग त्यांच्याबरोबरच संपेल, असे मानले जाणे स्वाभाविक होते. स्वतः लिहिलेला, स्वतःच्या कंठासाठी बेतलेला आणि लेखक-नटाच्या नावाशी एकरूप झालेला प्रयोग दुसऱ्याने करण्याची उदाहरणे मराठीत थोडी आहेत. बीड जिल्ह्यातील माजलगावचे अभिनेते संदीप पाठक यांनी तो पुन्हा रंगमंचावर आणला. त्यांच्या प्रयोगांना देश-परदेशात प्रेक्षक मिळाला.

या पुनरागमनाने जुन्या वादाला नवे वळण दिले. प्रयोग जर केवळ एका माणसाच्या नकलांचा गुच्छ असता, तर तो दुसऱ्याच्या देहात टिकला नसता. तो टिकला, याचा अर्थ त्याच्या मुळाशी दुसऱ्या नटाला वाट देणारी नाट्यसंहिता आहे. तुलना अटळ असल्याने पाठक यांच्यापुढे अडचण दुहेरी होती : ५२ पात्रे वठवायची आणि त्रेपन्नावे, म्हणजे देशपांडे, होऊ द्यायचे नाही. त्यांची गती अधिक आहे आणि देहाचा वापर मोकळा आहे. देशपांडे यांच्या आवाजातील अध्यापकी ठहराव तेथे नाही. ज्या प्रेक्षकाने पहिला प्रयोग कधी पाहिलेला नाही, अशी पिढी आता नाट्यगृहात बसते आणि तिच्यासाठी वऱ्हाडाचा चेहरा पाठक यांचाच आहे.